पारव्याच्या तीन खुणा

१

एकाच खेळाडूविरुद्ध तीन तक्रारी आल्या होत्या, आणि तो खेळाडू तीन दिवसांपूर्वी मेला होता. यातली पहिली गोष्ट तिला सकाळी नऊला कळली, दुसरी साडेनऊला.

ती ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या एका कंपनीत तक्रारी तपासायची. कोणी कोणाला शिव्या दिल्या, कोणी मुद्दाम आपलाच संघ बुडवला, की त्या सामन्याची साठवलेली नोंद उघडायची, पुन्हा चालवून बघायची आणि निकाल द्यायचा. पदार्थविज्ञानात पदवी घेऊन पोरगी लोकांची भांडणं सोडवत बसते, म्हणून घरी सगळे हळहळत. कचेरीत तिला ‘भिंग’ म्हणत. तिला ते नाव आवडायचं नाही, पण शोभायचं.

खेळाचं नाव ‘तटबंदी’. चार जणांचा संघ मिळून एक किल्ला राखतो. चौघं बहुधा एकमेकांना कधी भेटलेली नसतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याचं खेळातलं नाव पारवा, आणि तक्रार करणारे तिघं त्याच्याच संघातले होते: करवत, ढगोबा आणि शेपटी. तक्रारी मंगळवारी दुपारी सव्वाचारच्या सुमाराच्या.

‘मध्येच आठ मिनिटं खांबासारखा उभा राहिला,’ असं ढगोबाने लिहिलं होतं. ‘आमची थट्टा चाललीये. बंदी घाला,’ असं करवतने. शेपटीची तक्रार ती वाचणार, तोच साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“भिंग, एक प्रमाणपत्र काढ. हे खातं मंगळवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांपर्यंत, घरच्याच संगणकावरून खेळत होतं. खाली तुझी सही. पाचच्या आत फौजदारांकडे पोचायला हवं.”

त्यांनी दिलेल्या कागदावर पारव्याचंच खातं होतं.

“हे कशासाठी, साहेब?”

“अगं, तो मुलगा गेला. श्वासाच्या यंत्रावर होता, अंथरुणाला खिळलेला. कोणीतरी नळी काढली आणि यंत्राचा भोंगा बंद केला. मोठा भाऊ सव्वातीनला रिक्षाने घरातून निघाला, साडेतीनला वीस लोकांसमोर ऑफिसात हजर. पोरगा चार-बारापर्यंत खेळत होता, म्हणजे तोवर जिवंत. तेव्हा घरात फक्त त्याला सांभाळणारी बाई होती. धरलीये तिला, उद्या सकाळी कोर्टात उभी करतील. आपला कागद लागला की झालं.”

“खातं खेळत होतं हे मी लिहीन. पण मुलगा खेळत होता असं वाचतील लोक.”

“लोक काय वाचतील ते लोकांवर सोड. आपल्याला विचारलंय तेवढंच सांगायचं. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

साहेब गेले. तिने पेन उचललं, खाली ठेवलं आणि शेपटीची तक्रार उघडली. एकच ओळ होती.

‘आज खेळला तो पारवा नाहीच.’

२

तिघांना तिने एकत्र फोनवर घेतलं. करवत लाकडी कपाटांच्या कारखान्यात कामाला होता आणि मागे यंत्र किंचाळत होतं. ढगोबा दातांच्या डॉक्टरांकडे रुग्णांना वेळा द्यायचा. शेपटी नावाची मुलगी बेकरीत होती.

“आमच्या तक्रारीवर कंपनीने माणूस लावला?” करवत म्हणाला. “गेल्या वर्षी माझं पूर्ण खातं उडालं, तेव्हा तुमचं कुत्रंही भुंकलं नव्हतं.”

“पारवा नाही असं का वाटलं?”

“बोलला नाही म्हणून,” ढगोबा म्हणाला.

“म्हणजे एरवी बोलायचा?”

तिघंही हसले. शेपटी म्हणाली, “ताई, पारवा दोन वर्षांत एक अक्षर बोललेला नाही, लिहिलेलंही नाही. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, मोठा शिष्ट आहे, माईकसुद्धा लावत नाही. तो फक्त खुणा करायचा. त्याही तीनच.”

खेळात खेळाडूंना एकमेकांना दाखवायला तयार खुणा होत्या, एकंदर आठ. कळ दाबली की सोबत्यांच्या पडद्यावर छोटं चित्र उमटतं: शत्रू आला, पुढे चला, मदत हवी, शाब्बास, वाट मोकळी, थांबा, मागे फिरा, इथे बघा. पारवा यांतल्या शेवटच्या तीनच वापरायचा.

“तीन खुणांत किती सांगणार माणूस?” तिने विचारलं.

“सगळं!” करवत म्हणाला. “खेळातला अर्थ आम्ही कधीच सोडला. ‘इथे बघा’ म्हणजे हो. ‘मागे फिरा’ म्हणजे नाही. ‘थांबा’ म्हणजे मी सांभाळतो. दोनदा ‘हो’ म्हणजे हसतोय. ‘हो’ आणि मग ‘नाही’ म्हणजे ढगोबा आज पुन्हा गाढवपणा करतोय.”

“ही खूण सगळ्यात जास्त वापरली जाते,” ढगोबा कुरकुरला.

“आम्हीही त्याच तीन वापरायला लागलो,” शेपटी म्हणाली. “शत्रूला कळत नाही ना. आम्ही पळतोय असं त्याला वाटतं आणि आम्ही नुसतं ‘नाही’ म्हणत असतो. पण मंगळवारी तीन-वीसनंतर हा अचानक ‘शत्रू आला’ काय, ‘शाब्बास’ काय! पुस्तकात लिहिल्यासारखा. मी त्याला आमच्या पद्धतीने विचारलं, काय झालं? तर म्हणाला, ‘वाट मोकळी’. आपल्या घरातलं माणूस उठून आपल्याशीच सरकारी भाषेत बोलायला लागावं, तसं वाटलं.”

तिने नोंद मोजायला लावली होती. आकडे पडद्यावर आले. दोन वर्षांत पारव्याने केलेल्या खुणा एकेचाळीस हजारांच्या वर. सगळ्या त्याच तीन. उरलेल्या पाचांपैकी एकही नाही, चुकूनसुद्धा नाही. मंगळवारी तीन वाजून बारा मिनिटांपर्यंतही तसंच. मग नऊ मिनिटं शांतता. आणि तीन-एकवीसपासून चार-बारापर्यंत अडतीस खुणा, त्यांतल्या एकोणतीस त्या पाच प्रकारांतल्या.

“बंदी घालणार का त्याच्यावर?” शेपटीने विचारलं. “खरा पारवा परत आला तर त्याला खातं मिळायला हवं हं.”

तेव्हा तिला सांगावंच लागलं. तो आजारी होता हेही त्या तिघांना ठाऊक नव्हतं. करवतच्या मागचं यंत्र बंद झालं. फोन मात्र कोणी ठेवला नाही.

३

फौजदार वयाने पन्नाशीचे, बोलायला मिठ्ठास, पण समोरच्याचं ऐकताना पेनाचं टोपण उघडमीट करायची सवय.

“मॅडम, मी कागद मागवला होता, कागद घेऊन माणूस आला. सही आहे ना?”

“संगणक बघितल्याशिवाय करणार नाही.”

“खुणा बदलल्या म्हणून? माझी बायको लग्नानंतर चार वेळा बदलली. दर वेळी माणूस तेच निघालं.”

“मला त्या बाईंशी पाच मिनिटं बोलू द्या.”

टोपण दोनदा वाजलं. “पाच म्हणजे पाच.”

घरात जिला सगळे मावशी म्हणत, ती बाई बाकावर ताठ बसली होती. डावा गाल अजून किंचित सुजलेला.

“हे पोलिसांनी?”

“नाही. त्याच्या आईने. मुलगा गेलेला बघून कोणाचा हात उठणार नाही?” मावशी म्हणाली. “विचारा काय ते. सगळ्यांना तेच सांगितलंय, तुम्हालाही तेच सांगेन.”

दोनला व्यायामवाला आला, पावणेतीनला गेला. त्याचं आणि पोराचं वाजलं त्या दिवशी. व्यायामवाला जाता जाता म्हणाला होता, “असल्या अंगाला व्यायाम कशाला पाहिजे, देवच पाहिजे.” अडीचला दादा, म्हणजे मोठा भाऊ, जेवायला आला. तीनला पाच कमी असताना त्याने मावशीला औषधं आणायला पाठवलं. दुकानात रांग होती. ती तीन-चाळीसला परतली.

“खोलीत गेलात?”

मावशीने पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. “दारातून बघितलं. खाटेचं डोकं दाराकडे आहे, चेहरा दिसत नाही. यंत्राची घरघर येत होती. पडद्यावर खेळ चालू होता, तो बाण इकडून तिकडे फिरत होता. खेळताना मध्ये गेलेलं त्याला खपायचं नाही. डोळे असे मोठे करायचा. म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भाज्या निवडल्या.” ती थांबली. “चाळीस मिनिटं भाज्या निवडल्या मी.”

“आणि औषधाच्या दुकानात तुम्हाला कोणी ओळखतं?”

“आठ वर्षं जातेय. आता तर चांगलंच ओळखतात. मला धरून आणलं ते त्यांच्याच दुकानासमोरून.”

उठताना तिने अजून एक विचारलं. “मावशी, तो बोटांनी काय काय करू शकायचा?”

“उजव्या हाताची तीन बोटं. तीही इतकीच.” मावशीने आपली बोटं बाकावर ठेवली आणि टोकं एखाद्या दाण्याएवढी दाबली. “बाकी सगळं डोळ्यांनी.”

बाहेर येताच ती फौजदारांना म्हणाली, “मला ती खोली बघायचीय. आत्ता.”

४

खोली स्वच्छ होती आणि फार शांत. खाटेवर आडवा केलेला लोखंडी हात, त्याला पडदा, पडद्याखाली बारीक काळी पट्टी. फौजदारांच्या संगणक जाणणाऱ्या माणसाने समजावलं: ही पट्टी डोळ्यांकडे बघते. माणूस जिथे बघेल तिथे पडद्यावरचा बाण जातो, नजर क्षणभर रोखली की ते दाबलं जातं. खाटेच्या कडेला, उजव्या हाताखाली, साबणाच्या वडीएवढा ठोकळा. त्यावर तीन बटणं.

“ही तीन बटणं म्हणजे त्या तीन खुणा,” ती म्हणाली. “चालणं, लढणं सगळं डोळ्यांनी. तीन बोटं उरली होती ती त्याने बोलण्यासाठी ठेवली.”

“बरं. मग उरलेल्या पाच?”

“त्या कीबोर्डवरच्या कळांनीच होतात. कीबोर्ड कुठे आहे?”

फौजदारांनी टेबलाखाली बघितलं, कपाटात बघितलं, खाटेखाली वाकून बघितलं. टोपण वाजायचं थांबलं.

घरात कीबोर्ड नव्हताच.

“पडद्यावरही उमटतो ना कीबोर्ड?” ते म्हणाले.

“तो उघडला की खेळ मागे जातो. आत्ता करून बघा.” त्यांनी बघितलं. खेळ मागे गेला.

“बाईने कुठून तरी आणून जोडला असेल, नंतर टाकून दिला असेल.”

संगणकवाल्याने मान हलवली. “साहेब, याला काय काय जोडलं त्याची यादी याच्याच पोटात असते. शेवटचा कीबोर्ड दोन वर्षांपूर्वीचा.”

“आणि मावशींनी हे करावं कशाला?” ती म्हणाली. “तो चार-बारापर्यंत जिवंत होता असं दिसलं तर फास कोणाला बसतो? त्यांनाच. आपल्याच गळ्यासाठी कोणी दोर वळत नाही. हे ज्याने केलं तो आधीच घराबाहेर पडला होता, आणि मुलगा नंतर मेला असं दिसायला त्याला हवं होतं. या खोलीत बसून त्या खुणा करताच येत नाहीत, फौजदारसाहेब. त्या या संगणकातून गेल्या, पण केल्या दुसरीकडून. मावशींना दिसलेला बाण त्याच माणसाचा.”

“तेव्हा पोरगा...”

“खाटेवर होता. मेलेला.”

दारात त्याची आई उभी होती. शाळेत गणित शिकवणारी बाई, केस नीट बांधलेले. तिने किती ऐकलं कोण जाणे. भिंतीला हात लावून ती म्हणाली, “दुसरीकडून हा संगणक चालवता येतो. फोनवर तसं ॲप आहे, त्यात कीबोर्डच्या कळाही असतात. काही अडलं की बाहेरून सरळ करून द्यायचं.”

“ॲपमधली कोण कधी आलं ती नोंद पुसलेली आहे,” संगणकवाला खालच्या आवाजात म्हणाला.

“कोणाच्या फोनमध्ये आहे ते?” फौजदारांनी विचारलं.

“व्यायामवाल्याच्या. तो व्यायामाचे व्हिडिओ लावायचा,” आई म्हणाली. मग ती खाटेवरची चादर सरळ करू लागली. फौजदारांनी प्रश्न पुन्हा विचारला.

“आणि माझ्या थोरल्याच्या.”

५

व्यायामवाला आडदांड होता आणि घाबरून पांढराफटक पडला होता.

“देव पाहिजे म्हणालो, हो, म्हणालो! रागात म्हणालो. तो डोळ्यांनी लिहायचा ना पडद्यावर. त्या दिवशी लिहिलं, ‘तुझ्यापेक्षा माझं यंत्र गोड बोलतं.’ रोज टोमणे. मी पण माणूस आहे.” त्याने नाक पुसलं. “पण मजा यायची राव त्याच्याशी भांडायला. दुसरे रुग्ण नुसते कण्हतात.”

“सव्वातीन ते सव्वाचार कुठे होतास?”

“दवाखान्यात. एका आजोबांचा गुडघा वाकवत होतो. दोन्ही हातांत गुडघा, आणि आजोबांच्या तोंडात माझा उद्धार. विचारा त्यांना.”

विचारलं. आजोबांनी उद्धाराची उजळणीही केली. पाऊण तास त्याने गुडघा सोडला नव्हता.

फौजदार गाडीत म्हणाले, “म्हणजे उरला भाऊ. पण मॅडम, उरला म्हणून केला, असं कोर्टात चालत नाही. सुतावरून स्वर्ग गाठायचा तर निदान सूत तरी धड पाहिजे. तो वीस लोकांत बसला होता.”

“बसला होता ना. उभा कधी राहिला ते विचारू.”

भाऊ पंप बनवणाऱ्या कंपनीत होता, तिसऱ्याच दिवशी कामावर आलेला. तीन वाजले होते. तो बैठकीच्या काचेच्या खोलीत होता; बाहेर बसणाऱ्या चिटणीस बाईंना तिने मंगळवारचं विचारलं.

“दर मंगळवारची बैठक. साडेतीन ते साडेचार. प्रत्येकाने आपलं काम उभं राहून सांगायचं, आठ मिनिटं. मी घड्याळ लावते, आठाची घंटा झाली की बस.”

“आणि बाकीच्या वेळी?”

“बाकीच्या वेळी सगळे टेबलाखाली फोनात तोंड घालून,” चिटणीस बाई म्हणाल्या. “मोठ्या साहेबांना वाटतं, टिपणं काढतात.”

“यांची पाळी कितीला होती?”

बाईंनी वही उलटली. “तीन-पन्नास ते तीन-अठ्ठावन्न.”

ढगोबाच्या तक्रारीचा कागद तिने फौजदारांपुढे धरला, त्याखाली सामन्याची नोंद. पारवा तीन-पन्नासला तटाजवळ थांबला होता. शत्रू अंगावरून गेले तरी हलला नव्हता. तीन-एकोणसाठला त्याने खूण केली होती: ‘पुढे चला’.

फौजदारांनी पेन खिशाला लावलं आणि काचेचं दार ढकललं.

६

दादा चौतिशीचा, सडपातळ, आईसारखाच नीटनेटका. फौजदारांनी फोन मागितला तेव्हा त्याने लगेच काढून दिला. तिने नोंद त्याच्यासमोर ठेवली आणि एकेक वेळ सांगितली. तो ऐकत राहिला. चिटणीस बाईंची वही आली तेव्हा त्याने डोळे मिटले.

“मला वाटलं, मला खेळ येतो,” तो म्हणाला. “बारा वर्षं त्याच्या उशाशी बसलोय, शेवटची दोन तर तोच खेळ बघत. मदतीचं पान वाचून सगळ्या खुणा पाठ केल्या होत्या. त्यांची वेगळी भाषा असेल हे कसं सुचणार? तो मला कधी बोलला नाही.”

“तुम्ही विचारलं होतं?”

त्याने वही मिटून बाजूला सारली.

“मावशी?” फौजदार म्हणाले. “तिला उद्या कोर्टात उभी करणार होतो आम्ही.”

“नळी आपोआप निसटली असं वाटेल, असं धरून चाललो होतो. ती घरी असताना निसटली असं. निष्काळजीपणा म्हणून चार शिव्या बसल्या असत्या, इतकंच. पण भोंगा... तो कोणीतरी बंद केलाय हे दिसेल, हे ध्यानातच आलं नाही. घाईत.” त्याचा आवाज चढला. “मला बाहेरगावची जागा मिळाली होती. तिसऱ्यांदा. दर वेळी आई म्हणायची, तू गेलास तर त्याचं कोण करणार, आणि माझ्यामागे तर तुलाच करायचंय. खुन्यालासुद्धा जन्मठेपेत सूट मिळते हो. मला कसली सूट?”

 मग तो सावरून बसला. पुढचं त्याने बहुधा मनाशी अनेकदा घोकलं होतं.

“आणि त्याची संमती होती. हे लिहून घ्या. मी त्याला विचारलं, सुटायचंय का तुला? पडदा त्याच्यासमोर होता, तो लिहू शकला असता. लिहिलं नाही. डोळे मिटले त्याने. डोळे मिटणं म्हणजे हो, लहानपणापासून. त्याने नको म्हटलं असतं तर मी हात लावला नसता.”

फौजदारांनी तिच्याकडे पाहिलं. आईला हे ऐकवायचं, तर ऐकायला किती बरं वाटेल, हा विचार तिच्याही मनात आला. पोरगा आपणहून गेला. घरात निदान तेवढं तरी उरेल.

पण नोंद तिच्या हातात होती.

“तीन वाजून नऊ मिनिटांनी तुम्ही त्याच्याजवळ होतात?”

“हो. असेन.”

“त्या वेळी सामन्यात काहीच घडत नव्हतं. शत्रू लांब होता. तिघं जण दरवाजा राखायला निघाले होते, आणि पारव्याने ‘मागे फिरा’ अशी खूण केली. मग पुन्हा. तीन मिनिटांत अकरा वेळा. पडद्यावर लिहायचं तर बाण न्यायला डोळे हवेत, आणि डोळे त्याला तुमच्याकडे ठेवावे लागले असतील. बोटांना तसं नव्हतं.”

“मग? मागे फिरा म्हणाला. खेळत होता.”

“त्यांच्या भाषेत ‘मागे फिरा’ म्हणजे नाही.”

दादा नोंदीकडे बघत राहिला. अकरा ओळी, प्रत्येकीपुढे वेळ, सेकंदांसकट.

“तिघांनी ऐकलं त्याचं,” ती म्हणाली. “कारण कळलं नाही, तरी जागच्या जागी थांबले. करवतने लिहिलंसुद्धा, ‘बरं बाबा, नाही तर नाही.’ बारावी खूण आली नाही.”

७

पाच वाजता तिने सही केली. प्रमाणपत्र दोन ओळींचं मागितलं होतं, झालं तीन पानांचं. साहेबांनी फोन केला होता, तिने उचलला नव्हता.

ठाण्याच्या पायऱ्यांवर त्याची आई बसली होती. आतल्या एका खोलीत तिचा थोरला होता आणि दुसरीतून मावशी बाहेर येत होती. तिची पिशवी तिला परत दिली होती, त्यात औषधांचा कागद तसाच.

आई उठली. “मावशी, मी तुमच्यावर हात उचलला.”

“उचललात.”

“माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.”

“तुमचं नव्हतं. पण गल्लीचं होतं ना, बाई. सगळे बघत होते.” मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आता मला कोण कामाला ठेवणार? आजारी माणसाचा जीव घेतला, हे तीन दिवसांत चार गल्ल्यांना कळलं. सोडलं, हे कळायला वर्षं जातील. तोवर मी काय खाऊ? तोंड उघडून सांगत हिंडू, की मी नाही केलं?”

“घरी चला.”

“कोणाचं करायला?”

 आई तपासनीस मुलीकडे वळली. आत काय झालं ते फौजदारांनी तिला सांगितलं होतं, सगळं नाही.

“थोरला म्हणतो, धाकट्याने मान्य केलं होतं,” ती म्हणाली. “खरंय का हो ते? तुम्ही त्याचं शेवटचं बोलणं वाचलंत म्हणे.”

मुलीने मावशीकडे पाहिलं. मावशी खाली बघत होती.

“नाही,” मुलगी म्हणाली. “तो नको म्हणाला होता. अकरा वेळा.”

आईने मान हलवली. चुकीचं उत्तर खोडून बरोबर उत्तर लिहावं तशी, सावकाश.  मग ती मावशीला म्हणाली, “तुम्ही नका सांगत हिंडू. मी सांगेन. दारोदार जाईन. म्हणेन, माझ्या पोराने केलं, हिने नाही.”

“म्हणाल? मोठ्याचं नाव घेऊन?”

“नाव घेऊन.”

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं, कितीतरी वेळ. “मग औषधाच्या दुकानापासून सुरुवात करा. सातला बंद होतं. मला धरलं तेव्हा तो काउंटरमागून बाहेर येऊन बघत होता.”

“चला,” आई म्हणाली.

रस्ता ओलांडायला दोघी थांबल्या. गाड्या संपेनात. मग मावशीने सवयीने आईच्या कोपराला धरलं, लगेच सोडलं, आणि आई तिच्यापुढे दोन पावलं चालू लागली.